दोन वर्षांचं मूल बोलत नाही: काय बघायचं, कुठं दाखवायचं, घरी काय करायचं

मूल उशिरा बोलायला लागलं की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "थांबा जरा, याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता." काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि पुढे त्यांचं सगळं सुरळीत होतं. पण आपलं मूल त्यांतलं आहे की नाही हे वाट बघून ठरवायला गेलं, तर मधली एक-दोन वर्षं हातची जातात. म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे की निदान व्हायचं तेव्हा होऊ दे, तपासणी आणि घरचं काम मात्र आजच सुरू करा. मूल पुढं आपसूक बोलायला लागलं, तरी या कामानं त्याचं काहीच बिघडत नाही.

खालचा मजकूर मुख्यतः दीड ते चार वर्षांच्या मुलांविषयी आहे. या वयात कमी ऐकू येणं, फक्त भाषा उशिरा येणं, एकूण विकास मागे असणं आणि ऑटिझम म्हणजे स्वमग्नता (इतरांशी नजर, खाणाखुणा आणि संवाद जुळवण्यात लहानपणापासूनच अडचण असणं), हे चार वेगवेगळे प्रश्न बाहेरून एकाच रूपात दिसतात. आई सांगते, "बोलत नाही." ते वेगळे कसे करायचे, तिथून सुरुवात करू.

शब्द मोजण्याआधी

शब्द यायच्या कितीतरी आधी मूल नजरेनं, हातांनी आणि आवाजानं बोलत असतं. नऊ महिन्यांच्या आसपास नावानं हाक मारली की ते वळतं, बाबाबा-दादादा अशी बडबड करतं. वर्षाचं होताना टाटा करतं, 'जेजे कर' म्हटलं की हात जोडतं, उचलून घ्या म्हणून दोन्ही हात वर करतं. सव्वा ते दीड वर्षात बोट दाखवायला लागतं.

हे बोट दाखवणं नीट बघा, कारण ते दोन प्रकारचं असतं. एक मागण्यासाठी: वर फळीवर बिस्किटाचा डबा आहे, तो हवाय. दुसरं दाखवण्यासाठी: खिडकीत कावळा बसला, मूल त्याच्याकडं बोट करतं आणि लगेच आईच्या तोंडाकडं बघतं. त्याला कावळा नको असतो, आईनंही तो बघावा एवढंच हवं असतं. ज्या मुलाला फक्त भाषा उशिरा येते, ते हे सगळं करतं. शब्द नसले तरी खाणाखुणांनी घरभर कारभार चालवतं. ऑटिझम असलेल्या मुलात दाखवण्यासाठीचं बोट बरेचदा नसतं किंवा फार क्वचित दिसतं. असं मूल मोठ्या माणसाचं मनगट धरून फ्रिजपाशी नेतं आणि त्याचा हात दारावर ठेवतं, पण वर तोंडाकडं बघत नाही.

घरी करता येतील अशा दोन चाचण्या आहेत. पहिली हाकेची. मूल खेळात असताना त्याच्या मागं तीन-चार फुटांवर उभं राहा आणि नेहमीच्या आवाजात नाव घ्या. टाळी नको, चॉकलेटचं आमिष नको, खांद्याला हात नको. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चार-पाचदा करा. एखाद्या वेळी वळलं नाही तर काही नाही. बहुतेक वेळा वळत नसेल तर ते लिहून ठेवा. दुसरी चाचणी नजरेची. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बोट करून "तो बघ फुगा!" म्हणा आणि मूल फुग्याकडं बघतं, तुमच्या बोटाकडं बघतं की कुठंच बघत नाही, हे पाहा. दीड वर्षाच्या मुलाची नजर फुग्यापर्यंत पोचायला हवी.

खालीलपैकी एक जरी गोष्ट असली तरी पुढच्या वाढदिवसाची वाट न बघता दाखवायला हवं:

– १२ महिने झाले, तरी बडबड नाही, किंवा टाटा करणं, हात वर करणं अशी एकही खूण नाही
– १६ महिने झाले, तरी एकही अर्थाचा शब्द नाही
– २४ महिने झाले, तरी "पाणी दे", "बाबा गेले" असे स्वतःचे दोन शब्द जोडत नाही
– कुठल्याही वयात, आलेले शब्द, हसणं किंवा नजरेला नजर देणं गेलं

यातली शेवटची गोष्ट सर्वांत तातडीची. पंधरा महिन्यांचं असताना "आई, बाबा, भू" म्हणणारं मूल दीड-दोन वर्षांत गप्प झालं, तर "दात येतायत", "नजर लागली" यात दिवस घालवू नका. शब्द जाण्याबरोबर मध्येच टक लावून थिजणं, झटके येणं असं काही असेल, तर मेंदूविकार तज्ज्ञ आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, लागते. मुलीचे शब्द गेले आणि ती हात सतत चोळत किंवा पिळत राहायला लागली, तर रेट सिंड्रोम या मुख्यतः मुलींत दिसणाऱ्या दुर्मिळ जनुकीय आजाराचाही विचार करावा लागतो.

शब्द मोजताना एक गफलत फार होते. मूल ए टू झेड म्हणतं, वीसपर्यंत आकडे म्हणतं, जाहिरातीतली वाक्यं जशीच्या तशी म्हणतं. घरच्यांना वाटतं, हुशार आहे, बोलतंय की. पण तहान लागल्यावर ते "पाणी" म्हणत नाही. पाठ झालेलं म्हणणं आणि दुसऱ्याला काही सांगण्यासाठी बोलणं यात फरक आहे. मोजायचं ते दुसरं. भाषा मात्र एकत्र मोजा. घरी मराठी, शेजारी हिंदी आणि टीव्हीवर इंग्रजी असेल तर "पाणी", "गाडी", "बॉल" हे तीन शब्द झाले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरा.

चाकं फिरवत बसणं, गाड्या रांगेत लावणं, चवड्यांवर चालणं, हात फडफडवणं या गोष्टींची इंटरनेटवर फार चर्चा असते. एकट्यानं यांचा अर्थ थोडाच. पुष्कळ लहान मुलं हे करतात. वर सांगितलेल्या नजर-बोट-हाकेच्या अडचणींबरोबर त्या आल्या की त्यांना वजन येतं.

सर्वांत आधी कान

मूल मोबाइलवरच्या गाण्याला धावत येतं म्हणजे त्याला ऐकू येतं, असं घरचे छातीठोक सांगतात. एवढ्यावर विसंबू नका. ऐकू येण्यात अंशतः कमतरता असेल, तर कुकरची शिट्टी ऐकू येते, दाराची बेल ऐकू येते, पण "स", "श", "फ" असे बारीक आवाज गळतात आणि बोलणं अस्पष्ट गुणगुण वाटतं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागं पाणी साठतं. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून लक्षातच येत नाही. म्हणून बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झालीच पाहिजे, ऑटिझमची शंका असली तरी आणि नसली तरी.

जन्मल्यावर केलेली ओएई ही कानाची प्राथमिक चाचणी 'पास' होती म्हणून आता सोडून द्यायचं नाही. ऐकू येणं नंतरही कमी होऊ शकतं, आणि कानाच्या नसेचा दोष ओएईत सुटू शकतो. या वयात बेरा चाचणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) आणि पडद्याची इम्पीडन्स चाचणी (पडदा नीट हलतो का, मागं पाणी आहे का ते बघणारी) करून घ्या. बेरा करताना मूल शांत झोपलेलं लागतं आणि नेमकी तिथंच फेरी वाया जाते. त्या दिवशी मुलाला पहाटे उठवा, दुपारची झोप देऊ नका आणि मुख्य म्हणजे रिक्षात किंवा बसमध्ये झोपू देऊ नका. वाटेत वीस मिनिटांची डुलकी झाली की केंद्रावर मूल टक्क जागं असतं. झोपेचं सिरप लागलंच, तर ते केंद्रावर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. घरून देऊन निघू नका. सर्दी किंवा कान वाहणं असेल तर आधी ते बरं होऊ द्या. अहवालात 'नॉर्मल' एवढंच न घेता दोन्ही कानांचे डेसिबलमधले आकडे लिहून मागा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाक् व श्रवण दोषांची राष्ट्रीय संस्था आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही कान-नाक-घसा विभागाकडं चौकशी करा.

वीस प्रश्न, आणि त्यांचा खरा अर्थ

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर नावाची वीस प्रश्नांची चाळणी जगभर वापरली जाते. ती मोफत आहे आणि दहा मिनिटांत होते. उत्तरं हो किंवा नाही. गडबड होते ती इथं: मूल एखादी गोष्ट एक-दोनदाच करताना दिसलं, नेहमी करत नाही, तर उत्तर 'नाही' द्यायचं. आईवडील मायेनं 'हो' देतात आणि चाळणी निकामी होते. दुसरं, प्रश्न क्रमांक २, ५ आणि १२ उलटे आहेत. मूल बहिरं असावं असं कधी वाटलं का, डोळ्यांजवळ बोटं विचित्र हलवतं का आणि रोजच्या आवाजांनी अस्वस्थ होतं का, या तिन्हींत 'हो'ला गुण मोजायचा. बाकी सतरांत 'नाही'ला.

एकूण ० ते २ म्हणजे शक्यता कमी; पण मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा करा. ३ ते ७ आले तर प्रशिक्षित व्यक्तीनं चुकलेल्या प्रश्नांवर सविस्तर विचारपूस करायची असते. ८ किंवा जास्त असेल तर थेट तपासणी. हे निदान नव्हे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या चाळणीच्या मोठ्या अभ्यासात, विचारपुशीनंतरही धोक्यात दिसलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्या मुलांत ऑटिझम निघाला, पण सुमारे ९५ टक्के मुलांत विकासाचा काही ना काही प्रश्न होता. म्हणजे गुण जास्त आले तर घाबरून जायला नको, पण वही मिटून ठेवायलाही नको.

कुठं आणि काय घेऊन जायचं

पहिला टप्पा तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ किंवा अंगणवाडी सेविका. शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहूनच सुरू झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. पथकाची वाट न बघता 'विकास मागे वाटतो, डीईआयसीला पाठवा' असं स्वतः सांगता येतं. डीईआयसी म्हणजे जिल्हा पातळीवरचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. तपासणी आणि थेरपी तिथं मोफत असते. शहरात विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा. मुंबईत २००१ पासून काम करणारं उम्मीद हे बालविकास केंद्र याच विषयाला वाहिलेलं आहे. मोठ्या ठिकाणी नंबर काही महिन्यांनी लागतो. तो लावून ठेवा, पण तोवर हात बांधून बसू नका. स्पीच थेरपी निदानाच्या आधीही सुरू करता येते.

डॉक्टरांसमोर मूल वेगळंच वागतं: रडतं, चिकटून बसतं किंवा नेमकं त्याच दिवशी हाकेला वळतं. म्हणून मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे चार व्हिडिओ न्या. जेवताना, एकटं खेळताना, दुसऱ्या मुलाबरोबर असताना आणि मागून हाक मारल्यावर. त्यातलं वागणं घडवून आणू नका, जसं आहे तसं टिपा. सोबत एका कागदावर लिहा: किती आठवड्यांत जन्म, वजन, जन्मताच रडलं का, काचेच्या पेटीत किती दिवस, कावीळ किंवा झटके आले का, मान-बसणं-चालणं कोणत्या महिन्यात, पहिले शब्द, गेलेले शब्द, झोप, पोट साफ होतं का, दूध किती, आणि नात्यात कुणाला असा त्रास. लसीकरणाचं कार्डही न्या. एक शंका इथंच निकालात काढू: लशीमुळं ऑटिझम होत नाही. गोवराची लस आणि शब्द जाण्याचं वय जवळजवळ येतं, म्हणून मनात तो संबंध जुळतो.

एमआरआय, ईईजी आणि रक्ताच्या डझनभर तपासण्या प्रत्येक मुलाला लागत नाहीत. लोह आणि थायरॉइड बघणं बहुधा योग्य ठरतं. विकास एकूणच मागे असेल किंवा चेहऱ्यात काही वेगळं वाटत असेल, तर डॉक्टर क्रोमोसोमल मायक्रोअॅरे, फ्रॅजाइल एक्स अशा जनुकीय तपासण्या सुचवतील. त्यांचा खर्च मोठा असतो, "निकालानं उपचारात किंवा पुढच्या बाळाच्या बाबतीत काय बदलेल?" असं आधी विचारा.

घरचं काम

गोव्यातल्या संगाथ संस्थेनं पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांबरोबर ऑटिझम असलेल्या ६५ मुलांवर एक चाचणी केली. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरी जायचे, आईवडील मुलाशी खेळताना व्हिडिओ करायचे आणि तो त्यांच्याबरोबर बसून बघायचे: इथं तुम्ही थांबलात म्हणून तो वळला, इथं तुम्ही घाई केलीत. आईवडिलांचा प्रतिसाद मुलाच्या लयीशी जुळायला लागला आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद करायला लागली. सगळंच सुधारलं असं नाही, पण आईवडिलांच्या हातात केवढं आहे, हे त्यातून दिसतं. खालचं काम त्याच धर्तीवर चालतं.

दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं. टीव्ही बंद, मागं चालू असलेलासुद्धा. मुलाच्या समोर जमिनीवर बसा, तुमचं तोंड त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल असं. मांडीत घेऊन बसलात तर त्याला तुमचा चेहरा दिसत नाही. मूल जे खेळतंय त्यातच शिरा. ते चाक फिरवत असेल तर तुम्हीही दुसरं चाक फिरवा. त्याच्या हातातलं काढून "हे बघ, हे पुस्तक" असं करू नका.

बोलायचं किती? मूल एकही शब्द बोलत नसेल तर तुम्ही एक-एक शब्द: "चाक." "फिरलं." "पडलं!" एक शब्द बोलत असेल तर दोन-दोन. मुलाच्या एक पायरी वर, जास्त नाही. आणि प्रश्न कमी करा. "हे काय आहे? सांग ना. बोल, गाडी. गाडी बोल" हा मारा जवळजवळ प्रत्येक घरात चालतो. मुलाला ती परीक्षा वाटते आणि ते तोंड फिरवतं. एका प्रश्नामागं चार-पाच साधी विधानं असू द्या.

यापुढचं कौशल्य थांबण्याचं, आणि ते सर्वांत अवघड जातं. कुरमुऱ्यांचं उदाहरण घेऊ. घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात कुरमुरे भरा आणि डबा मुलासमोर ठेवा. ते झाकणाशी झटेल, उघडणार नाही. तुम्ही काही बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा, भुवया उंचावून त्याच्याकडं बघत राहा. चौथ्या-पाचव्या आकड्याला आई हमखास घाईला येते आणि डबा उघडून देते. तिथंच संधी जाते. आता मुलानं डबा तुमच्याकडं सरकवला, तुमच्या तोंडाकडं बघितलं, "अं" म्हटलं, तुमचं बोट धरलं, यांतलं काहीही पुरेसं आहे. लगेच, त्याच क्षणी "उघड!" म्हणा, उघडा आणि पाच-सहाच कुरमुरे द्या. झाकण पुन्हा लावा. एका वाटीत अशा वीस फेऱ्या होतात, म्हणजे संवादाच्या वीस संधी. "शब्द बोललास तरच देईन" असं अडवून धरलंत, तर चार दिवसांत मूल डबा बघताच रडायला लागेल. शेंगदाणे, फुटाणे मात्र या खेळात नकोत; लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतात.

असंच साबणाच्या फुग्यांचं: एक फुगा सोडा, बाटली बंद करा, थांबा. झोक्याचं: दोन झोके द्या, झोका धरून ठेवा, थांबा. वरणभात वाढा, चमचा द्यायला 'विसरा'. बुवाकुकमध्ये पदराआडून लगेच बाहेर येऊ नका. आंघोळ, कपडे घालणं, जिना चढणं या रोजच्या कामांत प्रत्येक पायरीला ठरलेला एकच शब्द ठेवा, "तांब्या", "साबण", "झालं!", आणि दोन आठवड्यांनी शेवटचा शब्द गाळून थांबा. कुणा मुलाला तो रिकामा शब्द भरायला दोन आठवडे लागतात, कुणाला चार महिने.

बोट दाखवायला शिकवायचं तर दोन वस्तू लागतात: एक आवडती, एक नावडती. केळं आणि मोजा. दोन्ही हातांत, एकमेकींपासून हातभर लांब, मुलाच्या हाताला जेमतेम पोचणार नाहीत अशा धरा. मूल केळ्याकडं हात करेल. घरातलं दुसरं माणूस मुलाच्या मागं बसून त्याच्या हाताची बाकीची बोटं हळूच मिटवून तर्जनी पुढं करेल. लगेच केळ्याचा तुकडा द्या. मागच्या माणसानं बोलायचं नाही. हळूहळू ती मदत मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, मग शून्यावर आणा.

चित्रकार्डांनी मूल आळशी होतं, मग बोलतच नाही, ही भीती निराधार आहे. चित्रांमुळं बोलणं मागे पडत नाही, बऱ्याच मुलांत सुरू व्हायला मदतच होते. आवडत्या तीनच वस्तूंचे तुमच्या घरातले खरे फोटो काढा, दोन-अडीच इंचांचे छापून लॅमिनेट करा, मागं वेल्क्रो लावा. मुलानं कार्ड उचलून तुमच्या हातात द्यायचं, मग वस्तू मिळते. पन्नास कार्डं एकदम छापून भिंतीवर लावली की ती शोभेची होतात.

आणि भाषा? "घरी फक्त इंग्रजी बोला, शाळेत तीच लागेल" हा सल्ला अनेक घरांना मिळतो. तो मानू नका. दोन भाषांमुळं ऑटिझम होत नाही आणि बोलणंही अडत नाही. आजीला जी भाषा मनापासून येते तीच तिनं बोलावी. मोडक्या इंग्रजीतले आज्ञार्थी शब्द मुलाला काहीच शिकवत नाहीत.

आदळआपट आणि चावणं

ज्याला सांगता येत नाही ते मूल अंगानं सांगतं. आठवडाभर वहीत तीन रकाने करा: आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. बहुतेक वेळा चारांपैकी एक कारण निघतं: काही हवं होतं, काही टाळायचं होतं, लक्ष हवं होतं किंवा आवाज-स्पर्श-गर्दी सोसवत नव्हती. कारण बदललं की उपाय बदलतो. मिक्सरच्या आवाजानं डोकं आपटणाऱ्या मुलाला जवळ घेऊन समजावण्यापेक्षा मिक्सर लावण्याआधी तो दाखवून मुलाला दुसऱ्या खोलीत नेणं उपयोगी. लग्नात, मिरवणुकीच्या ढोलताशात कानांवरचे मफ न्या आणि मुलाचा बांध फुटायच्या आधी निघा. बागेतून घरी येताना रडत असेल तर 'आधी बाग, मग घर' असं दोन फोटोंचं कार्ड निघण्यापूर्वी दाखवा.

अचानक वाढलेल्या चिडचिडीत आधी दुखणं शोधा: कान, दात, बद्धकोष्ठ. यातली पुष्कळ मुलं पांढरा भात, बिस्किट आणि दूध यांवरच असतात; दिवसाला लिटरभर दूध प्यायलेल्या मुलाला भूक लागत नाही, लोह कमी पडतं, शौचाला खडा होतो. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणा. नवा पदार्थ ताटात शेजारी नुसता ठेवा, तोंडात कोंबू नका.

थेरपी निवडताना

स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदलेले असतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टची (रोजची कामं, हालचाली आणि स्पर्श-आवाज सोसणं यांवर काम करणारे) महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. पुढच्या तीन महिन्यांची दोन-तीन उद्दिष्टं लिहून मागा, आणि ती मोजता येतील अशी हवीत. 'संवाद सुधारणे' हे उद्दिष्ट झालं नाही. 'दिवसातून दहा वेळा कुणी न सांगता बोट दाखवून मागेल' हे झालं. सत्रात आईवडिलांना आत बसू देतात का, घरी काय करायचं ते दाखवतात का, हे बघा. दार बंद करून पाऊण तास आणि बाहेर आल्यावर "छान झालं" एवढंच, अशा ठिकाणी पैसे घालवू नका. शिट्टी वाजवणं, मेणबत्ती फुंकणं, गाल चोळणं यांनी शब्द येतात याला भक्कम पुरावा नाही. त्यातच सत्र संपत असेल तर विचारा.

'सहा महिन्यांत बरं करू' अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहा. ऑटिझमसाठी स्टेमसेल उपचारांची शिफारस करता येत नाही आणि ते देणं व्यावसायिक गैरवर्तन ठरतं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तरी लाखोंची पॅकेजेस विकली जातात. शरीरातले धातू काढण्याची कीलेशन थेरपी तर धोक्याची. वेखंड उगाळून चाटवल्यानं वाचा येते याला पुरावा नाही, जास्त झालं तर उलट्या होतात. जिभेखालचा पडदा कापूनही न बोलणारं मूल बोलायला लागत नाही; त्याचा संबंध दूध ओढण्याशी आणि फार तर काही उच्चारांशी.

स्क्रीनबद्दल नेमकं सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला असा: एक वर्षाच्या मुलांना बसून स्क्रीन बघू देऊ नये, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासापेक्षा जास्त नको. मोबाइल बंद केल्यावर बरीच मुलं खुलतात, कारण माणसांशी गाठ पडते. म्हणून बंद कराच. पण 'व्हर्च्युअल ऑटिझम आहे, मोबाइल सोडला की जाईल' असं म्हणून तपासणी टाळू नका. या नावाचं निदान मान्यताप्राप्त यादीत नाही.

कागदपत्रं आणि शाळा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, वाचा-भाषा दोष आणि श्रवणदोष त्यांत येतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं देशभर चालणारं ओळखपत्र, यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयाची तारीख घ्यायची. ऑटिझमचं प्रमाण ठरवायला आयएसएए ही चाळीस बाबींची भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, आणि जुनी करप्रणाली घेणाऱ्यांना प्राप्तिकरात वजावट. दाखल्यानं मुलावर शिक्का बसेल म्हणून अनेक जण थांबतात. तो कुणाला दाखवायचा हे तुमच्या हातात असतं.

बालवाडी किंवा अंगणवाडी लवकर सुरू करा, सुरुवातीला तासभरच. बाईंना पानभर अहवाल देण्यापेक्षा चार ओळी द्या: कशानं घाबरतो, काय हवं असलं की काय करतो, कशानं शांत होतो, काय केलं की चिडतो. दिव्यांगत्वामुळं प्रवेश नाकारणं कायद्याला धरून नाही. नकार आला तर लेखी मागा.

तीन महिन्यांनी पहिले चार व्हिडिओ आणि त्याच प्रसंगांचे नवे चार व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्यांत दिसतं. काहीच हललं नसेल तर थेरपिस्टशी बसून उद्दिष्टं बदला. आणि घरात पाठचं भावंड असेल किंवा होणार असेल, तर ऑटिझम असलेल्या मुलाच्या भावंडात ऑटिझमची शक्यता साधारण पाचात एक असते. म्हणून त्याचं वळून बघणं, बडबड आणि बोट दाखवणं नवव्या महिन्यापासूनच वहीत लिहायला लागा, आणि दीड व दोन वर्षांना चाळणी ठरवून करून घ्या.